उन्हाळ्याची बारी

१ मे

निकाल वाटले. पोरं फाटकातून अशी सुटली, जणू आम्ही त्यांना वर्षभर डांबलं होतं. (डांबलंच होतं.) जाताना पाया पडतात ते गणितवाल्या सरांच्या. भूगोलवाल्याला लांबूनच “येतो सर”.

दुपारी दौंडहून संतोषचा फोन. माझ्या लेकीचा, अनूचा मामा. त्याच्या बहिणीपासून मी वेगळा झालो त्याला सहा वर्षं होतील, तरी हा मला दाजीच म्हणतो. नातं मोडलं, हाक शाबूत.

“दाजी, अनूला औंदा थोडं दिवस धाडतो. दहावी हाय. क्लासची बॅच लवकर चालू होती.”

“आणि पुढच्या उन्हाळ्यात?”

“पुढचं पुढं बघू की.”

‘पुढं बघू’चा अर्थ भूगोलाच्या मास्तरलाही कळतो. दिवाळी, गणपती, अधलेमधले रविवार, सगळं दौंडचं. लेकीचा उन्हाळा तेवढा माझा. तो गेला की बाप म्हणून माझं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर.

३ मे

वाटणी कशी झाली ते आज पुन्हा आठवत बसलो. वाईट खोड.

कोर्टात गेलो नाही. इनामगावच्या अलीकडं माझ्या वडिलांच्या, आबांच्या शेतात, शेडखाली चार वडीलधारे बसले. या माणसांना वाटणीची एकच रीत ठाऊक: सामाईक विहीर. भाऊ तीन, विहीर एक, ज्याच्या त्याच्या बारीला ज्याची त्याची मोटर. त्याच हिशेबानं पोरगी वाटली.

आबाच म्हणाले, “पोरगी आईपाशी. सनवार तिकडंच. उनाळा मास्तरला द्या, त्याला सुट्टी आसती.”

सगळ्यांनी माना हलवल्या. चहा आला. ट्रे अनूनंच आणला होता. आठेक वर्षांची. एक थेंब सांडला नाही म्हणून चौघांनी कौतुक केलं.

उन्हाळ्याची बारी कुणी मागून घेत नाही. त्या बारीला मोटर चालू केली की पाइपातून आधी हवा येते, मग चिखल. हे शेडखालच्या सगळ्यांना माहीत होतं.

५ मे

न्हावऱ्याचा फाटा. रसवंती. धड ना शिरूर, ना दौंड. माल इथंच उतरवायचा, असा प्रघात.

पहिल्या वर्षी अनू आली तेव्हा मोठी बॅग, उशी, एक कान तुटलेला ससा. मग ट्रॉली आली, ससा गेला. यंदा क्लासची सॅक, बस्स. विहिरीचं पाणी किती आटलं ते दगडावरच्या रेघांवरून कळतं. मला बॅगेवरून कळतं.

संतोष म्हणाला, “रस घ्या दाजी, लय तापलंय.” अनूच्या कानात इअरफोनची बोंडं. तिनं रसातला बर्फ तेवढा खाल्ला.

गाडीवर मागं बसली. पूर्वी माझा शर्ट धरायची. आता सीटमागची कडी धरते. शिरूर येईपर्यंत आरशात तीन वेळा पाहिलं, पडली तर नाही ना म्हणून.

७ मे

“कुठं जाऊया?”

“कुठंच नको.”

“महाबळेश्वर?”

“तिथं तुम्ही आणि आई भांडला होता.”

“आम्ही कुठं भांडलो नव्हतो ते सांग. तिकडं जाऊ.”

हसली. थोडीशीच, पण खरी.

खोटं काय बोलली? आमच्या सहली! कौटुंबिक सहल म्हणजे घरातलं भांडण गाडीत भरून थंड हवेच्या ठिकाणी नेणं. तिथं ते जास्त टिकतं. महाबळेश्वरला जाताना सु. खंबाटकीत अबोला धरायची, पाचगणीत फक्त अनूमार्फत बोलायची. (सु. म्हणजे अनूची आई. वहीत पूर्ण नाव लिहायला गेलो की पेन अडतं.) “पप्पांना विचार, काच वर घेणार आहेत का.” मी म्हणायचो, “आईला सांग, घेणार नाहीत.” सहा वर्षांची पोर मधल्या सीटवर बसून निरोप पोचवायची. दोन्हीकडचा राग गाळून, नुसता मजकूर. पोस्टात गेली असती तर बढती मिळाली असती.

कोकणात गेलो तेव्हा लाईट गेलेली. अंधारात एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. ती आमची सर्वांत यशस्वी सहल.

फोटोत मात्र सगळे हसताना. समुद्रापुढं, पॉइंटावर, हातात मक्याचं कणीस. एक गोष्ट आज दिसली: एकाही फोटोत सु.नं खांद्यावरची पर्स खाली ठेवलेली नाही.

९ मे

‘त्याला सुट्टी आसती.’ आज सुट्टी असलेल्या मास्तरला तालुक्याचं प्रशिक्षण. कसलं, ते प्रशिक्षण देणाऱ्यालाही जेवणापर्यंत कळलं नव्हतं. अनू दिवसभर खोलीत एकटी. वर पत्रा, त्याखाली पंखा, त्याखाली माझी लेक.

परत आलो तर दार अर्धवट उघडं, आत व्हिडिओ कॉल. चप्पल काढताना ऐकू आलं.

“नाही गं आई, बोअर नाही होत. सवय आहे.”

दारातच थोडा वेळ थांबलो. मग उगाच खोकून आत गेलो.

“जेवलीस?”

“व्हय.”

घरी मी तिला ‘हो’ म्हणायला शिकवलं होतं. दौंडनं ‘व्हय’ शिकवलं. दौंडकडं दिवस जास्त आहेत.

१२ मे

आबांकडं आलो. शिरूरच्या पत्र्यापेक्षा शेतातला कडुलिंब बरा.

संध्याकाळी अनूला घोड नदीकाठच्या टेकाडावर नेलं. आमचं एकमेव प्रेक्षणीय स्थळ. तिकीट नाही, रांग नाही, कणीस नाही. नुसती खापरं.

“इथं हजारो वर्षांपूर्वी माणसं राहायची.”

“आता?”

“आता बाभळी.”

“गेली कुठं?”

“पाऊस कमी झाला म्हणतात. पांगली.”

“सगळी मिळून?”

“ते खापरावर लिहिलेलं नसतं.”

मग तिनंच मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. मोठं माणूस मेलं की पुरताना घोट्यापासून पाय तोडायचे. घर सोडून जाऊ नये म्हणून म्हणे. लहान पोर गेलं तर दोन मडक्यांत ठेवायचे. मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीखाली.

“पप्पा, दोन कशाला? एकात मावत नसेल?”

“मावत असेल.”

“मग?”

वर्गात असा प्रश्न आला की मी “छान प्रश्न आहे, पुढच्या तासाला बघू” म्हणतो. इथं म्हणालो, “चल, अंधार पडेल.” पडायला अवकाश होता.

१३ मे

सकाळी आबा नातीला विहीर दाखवायला घेऊन गेले. मी मागं. पाणी तळाला, चार खडकांच्या मधे, ताटलीएवढं.

“आज धाकल्या आजोबाची बारी. आपुन बटनाला हात लावायचा न्हाई,” आबा.

“का?”

“ठरलंय तसं.”

“कुणी ठरवलं?”

“आमी भावा-भावांनी. तीस वर्सं झाली, कवा तंटा न्हाई.”

“माझं पण तुम्हीच ठरवलं ना, आबा?”

“व्हय. आमीच.”

“मला का नाही विचारलं?”

आबा हसले. आबांना हजरजबाबीपणाचा शौक, तो माझ्यात उतरलाय. म्हणाले, “इहिरीला इचारून वाटत्यात व्हय कुनी?”

गंमत म्हणून म्हणाले. कुणी हसलं नाही. अनू काठावरून खाली बघत राहिली. खूप वेळ. आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. धाकल्या काकाची मोटर सुरू झाली, हवेचे चार उसासे टाकून बंद पडली.

जेवायला आबा बसले नाहीत. पोट बरं नाही म्हणे. आबांचं पोट गेल्या पन्नास वर्षांत कधी बिघडलेलं नाही.

१४ मे

सकाळी आबा लिंबाखाली. मला जवळ बोलावून, हळू आवाजात:

“आपुन वाटणीला बसलो तवा पोरगी कुठं हुती रं?”

“चहा देत होती.”

“आपल्याला?”

“आपल्यालाच.”

आबांनी एक लिंबोळी उचलली, फेकली. मग, “संतोषला फोन लाव. म्हनावं, भैनीला घिऊन ये. पुन्यांदा बसायचं.”

“आबा, पुन्हा बसलो तर आहे तेही जाईल. दहावीचं निमित्त आहेच त्यांच्याकडं.”

“जाईल की. चिखलच हाय तुझ्या वाट्याला. चिखलाला राखन बसलाय व्हय?”

राखणच बसलोय. सहा वर्षं. दुसऱ्यानं म्हटलं की लागतं.

फोन लावला.

१८ मे

न्हावऱ्याचा फाटा, तीच रसवंती. प्लॅस्टिकच्या पाच खुर्च्या गोल. आबा, मी, संतोष, सु., अनू. सु.च्या केसांत पांढरं आलंय. माझ्याही आलंय, पण माझ्या टकलानं त्याला फार संधी दिली नाही.

रसवाल्यानं ट्रे आणला. अनू सवयीनं उठली, ट्रे हातात घ्यायला. आबा कधी नव्हे इतक्या जोरात ओरडले, “ठिव ते! तू बस.” रसवाला दचकला. रस ज्यानं त्यानं उठून घेतला.

आबा म्हणाले, “त्या टायमाला आमी चुकलो. तुला इचारलं न्हाई. आता बोल. उनाळा कुनाला?”

रसवंतीचे घुंगरू वाजत होते. आबांनी एक हात वर केला, चाक थांबलं.

अनू बुटांकडं बघत म्हणाली, “कुणालाच नको.”

संतोष पुढं सरसावला, “म्हंजी अनू दौंडलाच—”

“मामा, थांब ना. कुणालाच नको म्हणजे बारीच नको. मला यावंसं वाटेल तेव्हा मी येईन. नाही वाटलं तर नाही.”

सु.नं पहिल्यांदा तोंड उघडलं. “आणि दिवाळी?”

“दिवाळीचं पण मीच सांगणार.”

सु.चा चेहरा. तिच्याकडं सगळे ओले महिने होते. सहा वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांकडं सरळ बघितलं. बघितलं आणि दोघांनीही ग्लास उचलला. तिची पर्स खांद्यावरच होती.

“पर कवा यायचं ते ठरवाय पायजे बाळा,” आबा. जवळजवळ विनवणी.

“फोन करीन.”

आबांनी मान हलवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “ही बारी न्हाई राहिली रं. हा पाऊस झाला.”

क्लासची बॅच चालू होणार, म्हणून अनू मामाच्या गाडीवर बसली. सॅक पाठीला लावली, मामाला जागा व्हावी म्हणून. गाडी निघाली. कडी धरलेली. वळणावर एक हात सुटला. हलवला की घाम पुसला, एवढ्या लांबून कळलं नाही.

आबा जीपनं शेताकडं गेले. सु. एसटीची वाट बघत फाट्यावर. मी गाडीला किक मारली, बंद केली.

“सोडू का काष्टीपर्यंत?”

“नको. येईल एसटी.”

थांबलो. आली तासाभरानं. तोवर एकमेकांशी बोललो नाही. पण निरोप पोचवायला आज मधे कुणी नव्हतं.

२६ मे

फोन नाही.

मीही केला नाही. तीन वेळा हातात घेतला. आबा म्हणतात, रोज आभाळाकडं बघून मान दुखती, बाकी काय हुत न्हाई.

खोलीच्या पत्र्याखाली थर्माकोल ठोकून घेतलं. आता म्हणे चार अंश कमी. मोजायला कोण आहे.

३ जून

शाळा उघडायच्या आधीची मीटिंग. वर्षाचं नियोजन दिलं. नववीला पहिलाच धडा पावसाच्या वाटपाचा घेतो. दर वर्षी फळ्यावर नकाशा काढतो, पूर्वेकडचा पट्टा तिरप्या रेघांनी भरतो आणि विचारतो: आपला तालुका कुठं? पोरं एका सुरात, पर्जन्यछायेत. आणि दौंड? तेही. पूर्ण मार्क.

संध्याकाळी आबांचा फोन.

“आलं का काय?”

“ढग आलेत, आबा. घोड नदीच्या अंगाला काळं दिसतंय.”

“ढगाचं न्हाई इचारत मी.”

“माहितीये.”

फोन ठेवला. मग चार्जिंगला लावला, आवाज मोठा करून.