लांबून आल्याचा दाखला मिळणेबाबत

एक तांब्या पाणी. मुंबई ते लंडन, हवाई अंतर सुमारे ७२०० किलोमीटर. टेंभुर्णी स्टँडवरचे तिसरे बाकडे. साडेनऊ तास. भाकरीचा तुकडा.

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, करमाळा, जि. सोलापूर.

विषय : वेळापूरहून केमला येणारी मुलगी लांबून येते, असा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : आईचे तोंडी वाक्य, उंबऱ्यावर, दि. २० डिसेंबर २०२४.

महोदय,

वरच्या गोष्टी सुट्या वाटतील. त्या एकाच तक्रारीतल्या आहेत.

माझे माहेर केम, सासर वेळापूर. धाकटी बहीण प्रियदर्शनी लंडनला असते. ती आली की आमची आई मथुराबाई तिला दारातच थांबवते, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकते, पायांवर तांब्याभर पाणी घालते, मगच आत घेते. लांबून आलेल्या माणसाचे आमच्याकडे असे करतात. माझ्या लग्नाला एकोणीस वर्षे झाली. माझ्यासाठी तांब्या एकदाही भरला गेला नाही. गेल्या डिसेंबरात मी मुद्दाम उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आई म्हणाली, "तू कुटं लांबनं आलीस गं? तू हितलीच की. आत ये, पीठ मळ." बहीण आतून म्हणाली, "ताई, तू बी विमानानं ये की."

सबब पुढील बाबी सादर करते.

१. वेळापूर ते केम सुमारे सत्तर किलोमीटर. अकलूजला आणि टेंभुर्णीला गाडी बदलून, थांबण्यासह पाच तास. म्हणजे ताशी चौदा किलोमीटर. याच वेगाने मी लंडनहून निघाले असते, तर एकवीस दिवसांनी पोचले असते. एकवीस दिवसांवरून आलेल्या बाईला कुणीही दारात थांबवेल.

२. बहीण विमानात साडेनऊ तास झोपते, हे तिनेच सांगितले आहे. झोपेत कापलेले अंतर वजा व्हावे. मी मांडीवर पिशवी धरून टेंभुर्णीच्या बाकड्यावर जागी असते.

३. धूळ माझ्या पायांना, पाणी तिच्या.

४. आईला वाचता येत नाही, पण सरकारी शिक्का ती बोटांनी चाचपते आणि तो कागद पत्र्याच्या पेटीत जपते. माझे ती ऐकणार नाही, आपला शिक्का ऐकेल.

५. लंडन जवळ आहे, असा दाखला देता आला तरी चालेल. दोन्ही दिल्यास उपकार होतील.

बहीण दि. १४ रोजी पुन्हा येत आहे. मला आईने आदल्या दिवशी बोलावले आहे. आई सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि तांब्या आता दोन्ही हातांनी उचलते. तरी दाखला दि. १३ पूर्वी मिळावा, ही विनंती.

वेळापूरहून, म्हणजे लांबून,
आपली नम्र,
सौ. राजनंदिनी अभिमन्यू माने
दि. १ डिसेंबर २०२५

सोबत : एसटीची तिकिटे तीन. बहिणीच्या बोर्डिंग पासचा तुकडा एक, आईच्या पेटीतून न विचारता घेतलेला.

प्रियदर्शनी पहिल्यांदा लंडनहून आली, त्या दिवशी ओवाळलेली भाकरी मी थापली होती.