तळीला पाच जण

चंपाषष्ठी, संध्याकाळ

सकाळी कॉलेजात शिकवलं की वांगं, बटाटा, मिरची, धोत्रा सगळे एकाच कुळातले. कुठेही लावा, फुलाची घडण तीच. फार ठासून सांगितलं मी.

संध्याकाळी खंडोबाची तळी उचलायची, तर घरात आम्ही तिघंच. मी, ही आणि रोहन. आमच्यात ताटाला पाच जणांचे हात लागतात. दादा-वहिनी दर्पण कॉलनीत गेले तेव्हापासून चूल वेगळी, राशन कार्डावर परिवार वेगळा, म्हणून कुळधर्मही वेगळा. रोहन म्हणाला, "बाबा, काकांना बोलवू ना, पास ही तो रहते हैं." मी म्हटलं, ते आता विभक्त. हा शब्द मला का सुचावा?

शेवटी शेजारचे शर्माजी जोडप्याने आले. येळकोट म्हणता येईना, पण ताट मनापासून उचललं. जाताना म्हणाले, "आपने फैमिली समझा, अच्छा लगा."

भरीत वाढत होतो तेवढ्यात दादाचा फोन. "तुमची तळी झाली का रे? आम्ही दोघंच, मग ताट नुसतं देवापुढे ठेवलं."

झाली म्हणालो. पाच जण कुठून आणले, ते त्याने विचारलं नाही.