हरलेल्याचा शिरा

प्रिय बाबा,

'प्रिय' हे हाताच्या सवयीनं लिहिलं गेलं. खोडत नाही, पण त्यावरून फार काही समजूनही घेऊ नका.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. आज लिहायला बसले ती तुमच्या कॉलेजमुळे. परवा तो नितीन घरी आला होता. आठवतोय ना? तीन वर्षं तुमच्या बेंचवर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा! आता माजी विद्यार्थ्यांचा सचिव झालाय. तुमच्या नावानं मुलींची बास्केटबॉल स्पर्धा भरवतायत म्हणे. कप मी द्यायचा आणि स्मरणिकेत चार शब्द लिहायचे. मला कष्ट नकोत म्हणून चार शब्द त्यानंच लिहून आणले होते: 'पोटच्या मुलीलाही ज्यांनी कधी झुकतं माप दिलं नाही, असे निःस्पृह सर.'

झुकतं माप! बाबा, मला सरळ माप तरी कधी दिलंत?

अकरावीला मी तुमच्याच कॉलेजात होते, मुलींच्या टीमचे कोच तुम्ही. निवड चाचणीत सगळ्यात जास्त बास्केट माझे. संध्याकाळी बोर्डावर यादी लागली, तिच्यात माझं नाव नाही. मी तीनदा वाचली. मला वाटलं, घाईत राहिलं असेल. घरी आल्यावर तुम्ही बूट काढता काढता म्हणालात, "लोक म्हणतील, सरांनी पोरगी घुसवली."

कुठले लोक, बाबा? गोडदेवातले आपले शेजारी? त्यांना बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल यांतला फरक तरी माहीत होता का? त्यांना घाबरलात तुम्ही! नितीन त्याला निःस्पृहपणा म्हणतो. मी भित्रेपणा म्हणते. स्मरणिकेत तो शब्द चालणार नाही, एवढंच.

पुढच्या वर्षी मी मीरा रोडच्या कॉलेजात नाव घातलं. तुमचं आणि त्यांचं हाडवैर, म्हणून तर घातलं. तुमच्या पोरी लाल जर्सीत, मी निळ्या. डिसेंबर आला की आपल्या दोन खोल्यांत दोन छावण्या पडायच्या. खालचे मेहताकाका जिन्यात गाठून विचारायचे, "क्या सर, घर में ही इंडिया-पाकिस्तान?" तुम्ही खो खो हसायचात. बाहेरच्यांशी हसायला तुम्हाला नेहमीच जमायचं.

मधल्यामध्ये आईचे हाल. मॅचला ती बरोबर मधल्या रेघेसमोर बसायची, मुद्दाम पिवळी साडी नेसून. बास्केट कुणाचाही झाला की अर्धी टाळी. त्या अर्ध्या टाळीचाही मला राग यायचा. आपली आई आपल्याकडून ओरडत नाही म्हणजे काय?

आणि तो शिरा! रीत तिची, नियम तुमचा. जिंकलेल्याला कप मिळतो, हरलेल्याला काहीतरी गोड नको का, म्हणून हरणाऱ्यासाठी ती साजूक तुपातला शिरा करायची. जिंकणाऱ्यानं चमचासुद्धा चाटायचा नाही, हे तुम्ही ठरवलंत. घरातसुद्धा पंच! एकदा तुम्ही जिंकलात आणि आईनं चव बघायला म्हणून चिमूटभर पुढे केला, तर म्हणालात, "नियम म्हणजे नियम." केवढा तो रुबाब, चिमूटभर शिऱ्यासाठी!

आता त्या फायनलचं. आपल्या नगरपालिकेची महापालिका झाली, त्याच वर्षाचा डिसेंबर. तुमच्या कॉलेजचं सिमेंटचं कोर्ट. माझा उजवा घोटा दोन दिवस आधी मुरगळला होता. सकाळी तुम्हीच खाली बसून क्रेप बँडेज बांधलंत. माझ्या प्रत्येक मॅचला तुम्हीच बांधायचात. पाय मांडीवर घेऊन विचारलंत, "कुठे दुखतंय?" मी खुळ्यासारखं खरं सांगितलं: उजवा पाय रोवून डावीकडे वळताना. ते आख्ख्या जगात दोघांनाच माहीत होतं, मला आणि बँडेज बांधणाऱ्याला.

दुपारी तुमच्या पोरी मला फक्त डावीकडेच ढकलत होत्या.

पहिल्यांदा मला योगायोग वाटला. मग टाइमआउटमध्ये तुमचा आवाज ऐकला. "उजवी बाजू बंद करा तिची. डावीकडेच जाऊ दे." 'तिची'! नाव घ्यायलाही जीभ रेटली नाही.

आमची कॅप्टन लीना, उत्तनच्या कोळीवाड्यातली. तिनंही ऐकलं. कंबरेवर हात ठेवून तुमच्याकडे बघत म्हणाली, "अगो, ह्यो तुजा बाप हाय का वैरी हाय?" मी म्हटलं, "सध्या लाल हाय." सगळ्या हसल्या. मीसुद्धा.

हे मात्र कबूल करते की मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. तुम्ही नॅपकिन डाव्या खांद्यावर टाकलात की तुमच्या पोरी बचाव बदलतात, हे मी लीनाला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं. तुम्ही त्या दिवशी नॅपकिन घरीच ठेवून आलात. मुलगी चुगली करणार, याची केवढी खात्री! बापाला मुलीबद्दल एवढीच खात्री असावी?

शेवटचे काही सेकंद, आम्ही एका गुणानं मागे, चेंडू माझ्या हातात. उजवीकडे दोघी उभ्या. मी डावीकडे वळले, घोट्यातून कळ गेली आणि चेंडू हातातून सुटून थेट तुमच्या बेंचखाली गेला. शिट्टी झाली. लाल पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी सिमेंटवर बसलेली. लीना धावत आली, मेहताकाका कुंपणावरून येऊ बघत होते. तुम्ही वाकलात, चेंडू उचललात आणि पंचाला दिलात. माझ्याकडे आलात का? नाही. लोक काय म्हणाले असते!

घरी आले तर भाजलेल्या रव्याचा वास. आईनं ताटली पुढे ठेवली. मी पहिला घास उचलणार, इतक्यात तुम्ही आलात. गळ्यात झेंडूचा हार तसाच. हातपाय धुतलेत, माझ्यासमोर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "मलाही वाढ."

आई बघतच राहिली. "अहो, तुम्ही जिंकलात ना?"

"वाढ गं."

बाबा, त्या क्षणी मला तुमची जी किळस आली, तशी मला आजवर कुणाची आली नाही. टीममधली जागा घेतलीत, घोटा घेतलात, कप घेतलात, आणि आता हरलेल्याचा शिरासुद्धा हवा? "सगळं तुम्हालाच लागतं का?" असं ओरडून मी माझी ताटली तुमच्यापुढे सरकवली आणि आतल्या खोलीत गेले. दाराच्या फटीतून तुम्ही दिसलात. मान खाली घालून खात होतात.

त्यानंतर मी तुम्हाला पायाला हात लावू दिला नाही. दर मॅचच्या सकाळी गुंडाळी केलेलं बँडेज उशाशी ठेवलेलं असायचं. मी ते वेडंवाकडं स्वतःच बांधायचे आणि तुम्ही पेपरच्या आडून बघायचात. पाच वर्षं आपण भाजी, गॅस आणि पाणी एवढ्यावरच बोललो. मग तुम्ही गेलात.

नितीन गेल्यावर मी आईसमोर हे सगळं पुन्हा ओकले. किळससुद्धा. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "मुक्ता, आपल्या घरात शिरा कोण खातं गं?"

"हरलेला."

"मग?" म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

मी तिच्याशेजारी बसून खडे वेचायला लागले, बाबा.

म्हणजे ती माफी होती? दोन चमचे रवा आणि खाली घातलेली मान? टाइमआउटमध्ये कोर्टभर ऐकू जाईल असा आवाज होता तुमच्याकडे, आणि घरात एक वाक्य निघेना? 'मुक्ता, चुकलं माझं.' तीन शब्द! पाच वर्षांत तीन शब्द! मला राग आला, अजूनही आहे. माफीसुद्धा नियमात बसवून मागणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि ती माफी मीच तुमच्या ताटात ढकलून आत निघून गेले, याचा राग कुणावर काढू?

तर ऐका. मी स्पर्धेला येईन. कप देईन, हसून देईन. नितीनचा कागद मी फाडून टाकलाय. स्मरणिकेत लिहीन की सरांनी मुलीला टीममध्ये घेतलं नाही आणि ती त्यांची चूक होती. छापायचं तर छापा म्हणावं.

आणि आईकडून शिरा करून आणेन, मोठं पातेलं भरून. हरलेल्या पोरींना मी स्वतः वाढीन, जर्सी कुठल्याही रंगाची असो. जिंकलेल्यांना चमचासुद्धा चाटू देणार नाही. नियम म्हणजे नियम.

एक ताटली तुमच्या फोटोसमोर ठेवीन आणि दुसरी घेऊन शेजारी बसेन. त्या दिवशीचा माझा खायचा राहिलाय.

तुमच्या यादीत नाव नसलेली,
मुक्ता