खोडलेली फुलं

अण्णा, मी सकाळपासून चौथ्यांदा खुर्चीवरून उठले आणि पुन्हा बसले. सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसखाली हॉर्नचा नुसता कालवा चाललाय, आणि समोर स्क्रीनवर एक रिकामा रकाना आहे. त्याचं नाव 'कारण'.

तुम्ही चादरींच्या कारखान्यात नक्षी काढायचात, मी सॉफ्टवेअरची आखणी करते. कुठली माहिती कुठं ठेवायची, ती कशी फिरवायची, ते ठरवते. तुम्ही नक्षी मांडायचात त्या चौकडीच्या कागदाजागी आता एक प्रोग्रॅम आहे. तो पर्याय सुचवतो, आणि आपण नको म्हटलं की का म्हणून त्या रकान्यात विचारतो. अगदी तुमचाच स्वभाव! नको असलेलं फूल तुम्ही कधी पुसलं नाहीत. त्यावर एक रेघ, शेजारी बारीक अक्षरात 'धागा ओढतो', 'काठाशी तुटतं'. एकदा मी ती सगळी खोडलेली फुलं रबरानं साफ केली. तुम्ही कागद हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभे. "पुसलीस व्हय? आता ह्ये का नको म्हनलो हुतो, कोन सांगनार? परत माग लावून बघू की काय?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

आज तेच माझ्या पानात पडलंय. जिल्ह्यातल्या दवाखान्यांसाठी आम्ही एक व्यवस्था उभी करतोय. नव्या सहकारी मुलीनं विचारलं, "मॅडम, सगळ्या पेशंटची माहिती एकाच ठिकाणी का नको? प्रोग्रॅम पण तेच सुचवतोय की." हा पर्याय मी गेल्या वर्षी नाकारला होता, एवढं पक्कं आठवतं. का, ते आठवत नाही. नाकारलेल्या पर्यायांची यादी मी मोठ्या बैठकीआधी कारणांसकट उडवून टाकली होती. उद्या आराखडा मंजूर होईल. चुकला, तर माढ्याच्या दवाखान्यात पेशंट समोर असेल आणि त्याला कुठलं औषध चालत नाही हे डॉक्टरला दिसणार नाही. आणि मी त्या मुलीला "नको, अनुभवानं सांगते" म्हणून गप्प केलं. ती बिचारी मान हलवून गेली. रकान्यात 'अनुभव' लिहिलं. लाज वाटली, काढून टाकलं.

अण्णा, तुम्हाला वाटलं मी कागद नीटनेटका केला. तसं नव्हतं. कारखान्याचे मालक घरी यायचे होते, आणि माझे वडील किती वेळा चुकतात हे त्यांना दिसू नये म्हणून पुसली मी फुलं. यादीही त्याचसाठी उडवली, फक्त या वेळी चुका माझ्या होत्या. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकणार कुठं? राहू दे ड्रॉवरमध्ये. रकान्यात आता 'आठवत नाही' असं लिहिलंय. सेव्हचं बटण अजून दाबलेलं नाही.