दहा वाजताचा शेक

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची. नवं गाव, नवी नोकरी, खोलीला दोन खिडक्या आणि घरमालकीण कमी बोलणारी. माणसाला आणखी काय हवं? दवाखाना छोटा पण नेटका आहे. मागच्या खोलीत शेकाचं मशीन: लाकडी खाट, दोन लांब हात, हातांच्या टोकांना ताटलीएवढ्या चकत्या. चकत्यांच्या मधे दुखरा गुडघा नाहीतर खांदा ठेवायचा, बटण फिरवायचं, की लहरी आत शिरून पार हाडापाशी ऊब धरतात. मधे माणूस असेल तरच मशीनवरचा काटा चढतो. खाट रिकामी असली की ढिम्म हलत नाही.

शेकाआधी मी गरम आणि गार पाण्याच्या दोन नळ्या कातडीला लावून विचारते, गरम कुठली. ज्याला कळत नाही त्याला शेक द्यायचा नाही, कारण तो आतून भाजला तरी बोलणार नाही. डॉक्टर म्हणाले, त्यात वेळ जातो, सोडून द्या. मी म्हटलं, सोडणार नाही. पहिल्याच दिवशी वाजलं. आईला कळलं तर म्हणेल, भांडायला तुला मुहूर्त लागत नाही.

बुधवार, ५
पेशंटच्या वहीत दहाची वेळ रोज रिकामी सोडतात. का, ते कोणी सांगत नाही. आज त्या वेळेला मशीन चालू करून मी टॉवेलच्या घड्या घालत होते. खाट रिकामी, आणि काटा चढला. बटण शून्यावर आणलं, तरी चढतच गेला. आतली एखादी वायर सैल असेल. खाटेवर उजवा हात ठेवून पाहिला. चादर ऊबदार होती, आत्ताच कोणी उठून गेल्यासारखी.

गुरुवार, ६
दहाला पुन्हा तेच. झाडलोट करणाऱ्या मावशींना गाठलं. आधी ताकास तूर लागू देईनात, मग भडाभडा बोलल्या. गेल्या वर्षी दहाच्या पाळीला एक म्हातारे यायचे. साखरेचा जुना आजार, पाय बधिर झालेले. डॉक्टरांनी नळ्या लावू दिल्या नाहीत, गरम लागतंय का असं कोणी विचारलंही नाही. डॉक्टरांना कळतं, या भरवशावर ते बिचारे गप्प पडून राहिले. जखम चिघळली, त्यातच गेले. माझ्या आधीची बाई त्यानंतर महिनाभर टिकली. मावशींचं म्हणणं, ते अजून पाळीला येतात, तुम्हीही निघा. मी म्हटलं, येऊ देत. त्यांचं मी काय वाकडं केलंय?

शुक्रवार, ७
हट्टाने दहाला रिकाम्या खाटेवर, पायांच्या बाजूला, दोन्ही नळ्या टेकवल्या आणि मोठ्याने विचारलं, गरम कुठली, काका. काटा शून्यावर आला. जिंकले असं वाटलं.

दुपारी चहाने ओठ पोळला. पेला धरलेल्या बोटांना काहीच कळलं नव्हतं. नळ्या उजव्या हातात धरून पाहिल्या. दोन्ही सारख्याच.

शनिवार, ८
बधिरपणा कोपरापर्यंत. भीती वाटते, खोटं कशाला लिहू.

डॉक्टर सोमवारी दहाला स्वतःच्या आईला आणणार. गुडघे, आणि तीस वर्षांची साखर. नळ्या लावायच्या नाहीत म्हणाले. आई माझी आहे, तुम्ही मला शिकवू नका, म्हणे. शेंडी तुटो वा पारंबी, हे मी होऊ देणार नाही. दारावर 'मशीन बंद आहे' असा कागद डकवला. त्यांनी फाडला. मी दुसरा डकवला.

रविवार, ९
खांद्यापर्यंत. डाव्या हाताने लिहायला शिकते आहे. आई फोनवर म्हणाली, परत ये. गेले असते, पण त्या म्हातारीला मग कोण विचारणार?

सोमवार, १०. पावणेदहा
मशीनची वायर भिंतीतून उपटून हातात धरली आहे. खाटेवर मीच झोपले आहे, वही पोटावर. उठवून दाखवा म्हणावं.

दहा
दोघं दारात. डॉक्टर ओरडताहेत — ओरडू देत. त्यांच्या आईने माझ्या हातातली सुटी वायर पाहिली, मग चढणारा काटा. लेकाला म्हणाल्या, मला घरी ने. आत्ता. — नेलं. नेलं त्यांनी.

उठते —

उठता येत नाही. काटा टोकाला. काहीतरी जळाल्याचा वास — माझ्या बाहीतून धूर — हात दिसतो, लागत नाही —

कानाशी कोणी हळूच विचारतंय. गरम लागतंय का, बाई.

विचारलं तरी कोणीतरी. मी त्यांच्यासारखी गप्प पडून राहणार नाही. खरं तेच सांगणार — नाही, काका. काहीच ला