मिठाने न सुटलेले प्रथिन

मी, खाली सही करणार, निवृत्त जीवरसायन संशोधक, वय एकोणऐंशी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; भाचीचे मत वेगळे आहे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेव भाचीला. तिने माझे म्हातारपण हसतमुखाने सोसले.

२. धाकट्या भावाला माझी छत्री. माझ्या कामाला तो आयुष्यभर "दादाचे जंतू" म्हणत आला. याहून जास्त देववत नाही.

३. सुवर्णपदक. याबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे. जिवाणूच्या पेशीपटलाला एक ग्राही प्रथिन असते. बाहेर अन्न कुठे आहे याची खबर ते आत पोचवते. ते पटलाला वरवर चिकटलेले असते, असे मी सहा वर्षे छातीठोकपणे सांगत होतो. तसे असते तर मिठाच्या पाण्याने धुतल्यावर सुटले असते. सुटेना. मी आधी मिठाला दोष दिला, मग यंत्राला.

प्रयोगशाळेत बाटल्या धुणाऱ्या मावशी एकदा नळ बंद करून म्हणाल्या, "सर, ते वर चिकटलेलं नाही, आत रुतलंय. तेलकट डाग मिठाने जातो का? साबण लावून बघा."

"तुम्ही बाटल्या बघा," मी म्हणालो.

त्यांची पाठ वळताच गुपचूप साबण वापरला. पेशीपटल स्निग्ध असते. प्रथिनाचा तसाच स्निग्ध भाग त्यात रुतून बसला होता. साबणाने पटल विरघळले, प्रथिन अलगद सुटले.

शोधनिबंधावर नाव माझ्या एकट्याचे, पदकही मलाच. मावशींनी निवृत्तीपर्यंत माझ्या बाटल्या लखलखीत धुतल्या, अवाक्षर काढले नाही. इतके स्वच्छ डोके आणि इतके मोठे मन मी दुसरे पाहिले नाही. शोध त्यांचा होता. त्यांच्या पूर्ण नावानिशी तसे नियतकालिकाला परवाच कळवले आहे.

पदक त्यांना लिहून दिले होते. आज साक्षीसाठी बोलावलेल्या मावशींसमोर मसुदा वाचून दाखवला, तेव्हा माझे वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये.

"म्हणजे पदक घेतलं तर सही नाही?" मावशींनी विचारले.

"नाही."

"मग पदक राहू द्या. सरांनी खरं लिहिलंय, त्याखाली माझी सही पाहिजे."

म्हणून पदक माझ्या जुन्या संशोधन संस्थेला. ते बाटल्या धुण्याच्या खोलीत लावावे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. मावशी, शोध लावणाऱ्या (सही, पूर्ण नावानिशी)
२. शेजारचे शिंपी (सही)

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: सोमवार, ११ मार्च २०२४