डिस्क नंबर एक, नारिन रेडिओ

३ फेब्रुवारी, सोमवार
जुन्या रेकॉर्डिंगच्या सर्व्हरमधली एक डिस्क करकरतेय. काळजी नाही. दोन डिस्क आहेत, एकीवर जे तेच दुसरीवर. म्हणून वेगळा बॅकअप मी कधी घेतला नाही. उगाच दुप्पट काम.
कालिपा आजी आल्या. नेहमीसारखं हेडफोन लावून नवऱ्याचं गाणं ऐकलं. म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली. आवाज फक्त आमच्याकडे. जाताना टेबलावर वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या ठेवल्या.

४ फेब्रुवारी
राजधानीतून, बिश्केकहून, नवी डिस्क आली. गुलबारा मॅडम म्हणाल्या, "तिलेक, आधी सगळ्याची कॉपी करून घे हं." मी नुसता हसलो. संचालक झाल्या म्हणून सगळं कळतं असं नाही.

५ फेब्रुवारी
स्क्रीनवर आलं, डिस्क १ खराब. पहिली काढली, नवी बसवली. कॉपी सुरू. काढलेली डिस्क अंगणात नेऊन हातोडीने फोडली. गोपनीयता! मॅडम खिडकीतून बघत होत्या. छाप पडली असावी.

संध्याकाळी
कॉपी अडकलीय. करकर अजून आहेच. विचित्र.

६ फेब्रुवारी
यंत्र शून्यापासून मोजतं. डिस्क १ म्हणजे दुसरी. हे कंपनीने मोठ्या अक्षरांत लिहायला नको?
म्हणजे फोडली ती चांगली.
दुपारी करकर थांबली. खोली एकदम शांत. उरलेली डिस्कही बंद पडली.

७ फेब्रुवारी
आजारी डिस्क कोटाच्या आत धरून दोलोन घाट ओलांडला. रस्त्यावर बर्फ. बिश्केकचा दुरुस्तीवाला नक्की करेल. अशा डिस्क वाचतात, मी वाचलंय.

८ फेब्रुवारी
"आत खरवडून भुगा झालाय, दादा. सोड." आणि चांगली कुठंय, म्हणाला. मी डिस्क उचलून परत कोटात ठेवली.
मॅडमना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आजींना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."
ठरलं. सोमवारी सरळ, एका वाक्यात सांगायचं.

१० फेब्रुवारी, सोमवार
आधी चहा दिला. मग वाक्य जुळेना. तेवढ्यात आजींनी स्वतःच हेडफोन लावले, डोळे मिटले. मी काहीच लावलं नव्हतं. त्या मान डोलवत बसल्या. बराच वेळ.
उठताना म्हणाल्या, "आज आवाज फार बारीक होता रे. थकलाय वाटतं."
पुढच्या सोमवारी मोठा करून देतो, म्हणालो.